आधी काय ऐकू येतंय ते सांगा

मनःशांती ही दीर्घ तपश्चर्येवाचून लाभत नाही, याबद्दल सगळ्या धर्मांचं एकमत आहे. आमच्या चेअरमनना ती रोज सकाळी दूध संस्थेच्या बाहेरच्या दगडी बाकावर, बिडी ओढता ओढता लाभत असे आणि दुधाची गाडी आली की संपत असे. यात तपश्चर्या म्हणावी तर एवढीच, की थंडीच्या दिवसांत ते बाक फार गार पडायचं.

भूमच्या डांबरी रस्त्यावर एक फाटा लागतो. तिथून आत वळून ओढा ओलांडला की आमचं गाव. मी लोहाऱ्याहून तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो आणि अक्षर बरं आहे एवढ्या अपराधाखातर दूध संस्थेचा मानद सचिव झालो. सहकाराच्या त्या दिवसांत गावात पदांना तोटा नव्हता. विकास सोसायटीला चेअरमन होता, पाणी वाटपाला चेअरमन होता, अजून न निघालेल्या कुक्कुटपालन संस्थेलासुद्धा होता. पण नुसतं 'चेअरमन' म्हटलं की दूध संस्थेचे तेच. त्यांची बायकोही 'चेअरमन, भाकरी निवतीया' अशीच हाक मारायची. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

चेअरमन मुळात भयंकर तापट माणूस. मी गावात येण्याआधी एका सभेत त्यांनी दुधाचं माप भिरकावलं होतं. ते ज्याच्यासाठी होतं त्याला न लागता भिंतीवरच्या एका पुढाऱ्याच्या तसबिरीला लागलं. ती फुटकी काच मी बघितली आहे. पुढाऱ्याची पंचाईत अशी, की काच काढावी तर फोटोला धूळ लागणार आणि ठेवावी तर कपाळावर तडा दिसणार. संस्थेनं तडा ठेवला. घरातही तीच तऱ्हा होती. चेअरमनांची पावलं वाजली की मांजरसुद्धा मागच्या दारानं निघून जायचं, असं त्यांची बायको सांगे आणि पुढं म्हणे, 'आता मांजर बसून ऱ्हातंय. माझंबी तसंच.'

हा बदल बहात्तरच्या दुष्काळात झाला. त्या साली जमीनवाले आणि बिनजमीनवाले सगळेच सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. चेअरमनांचं रान होतं, पण रानात धूळ होती. पहिले काही दिवस ते तोंडाला टापर बांधून गेले, कुणी ओळखू नये म्हणून. ओळखत सगळेच होते. सगळ्यांनीच तोंडं बांधलेली असल्यामुळं कुणी बोलत नव्हतं, इतकंच. शेजारच्या ओळीत केराबाई बसायच्या. बौद्धवाड्यातल्या, काटक, जिभेला धार असलेल्या. चेअरमन रागारागानं दगड फोडायचे आणि निम्मे हातोडे बोटांवर घ्यायचे. केराबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'दादा, दगडावर मारा की. सरकारवर कशाला मारताय?'

मग त्यांनीच एक खेळ सांगितला. शेकडो हातोडे पडताहेत, त्यात आपला कोणता ते कानानं हुडकायचं. स्वतःचा हातोडा ऐकायचा म्हणजे बाकीचे सगळे ऐकावे लागतात. चेअरमन सांगायचे, 'पैल्या दिशी काय गावलंच न्हाय गुर्जी. दुसऱ्या दिशी गावलं. तिसऱ्या दिशी ध्यानात आलं, सकाळधरनं आपुन कुणावर चिडलोच न्हाय.' दुष्काळ संपला, खडी संपली, पण ते कान लावून बसणं त्यांनी गावात आणलं. कुणी त्याला ध्यान म्हटलं की चेअरमन वैतागत. 'ध्यान कशाचं? म्या बाकावर बसतो. कान हायत, ते बी बसत्यात.'

या बसण्याचा त्यांनी पुढं संस्थेचा नियम केला. दूध संस्था म्हणजे तक्रारींचं आगर. फॅट कमी लागली, माप कमी भरलं, आधी माझा नंबर होता, माझ्या म्हशीला तो पाणीदार म्हणाला. तक्रार घेऊन कुणी आला की चेअरमन बाकाकडं बोट दाखवायचे. 'बसा. आधी काय काय ऐकू येतंय ते सांगा. मग तक्रार.' माणूस चरफडत बसायचा. मग नाइलाजानं एकेक सांगू लागायचा. पिठाची गिरणी चालू हाय. हातपंपाचा दांडा कुरकुरतोय. खव्याच्या भट्टीवर कढईत उलथनं घासतंय. लिंबावर कावळा हाय. ओढ्यापलीकडं होला घुमतोय. चेअरमन डोळे मिटून, मान किंचित त्याच्याकडं कलती करून, एकेक आवाज नीट ऐकून घ्यायचे आणि 'आनखी?' म्हणायचे. 'आनखी?'ला उत्तर देता देता माणसाच्या आवाजातली धार कमी होई. त्या पाखरापर्यंत, होल्यापर्यंत, पोचलेला माणूस फॅटवर परत येताना मी क्वचितच पाहिला.

हे नियमाचं झाल्यावर त्यातूनही पळवाटा निघणारच. आमच्याकडं एक गृहस्थ होते, रोज नवी तक्रार असलेले. ते वेळ वाचावा म्हणून घरूनच पाठ करून आले. बाकाला टेकायच्या आतच त्यांनी म्हणून दाखवलं, 'गिरणी, कावळा, हातपंप, कुंभाराचं गाढव. झालं. आता माझं ऐका.'

चेअरमन डोळेही न उघडता म्हणाले, 'गाढव परवा मेलं. परत बसा.'

मी स्वतः या प्रकाराकडं आधी संशयानंच पाहत असे. मौन, एकांत, चित्ताची एकाग्रता या विषयांवर मी बऱ्यापैकी वाचलेलं होतं आणि त्यात पिठाच्या गिरणीचा उल्लेख कुठंही नव्हता. त्या ग्रंथांतली माणसं शांततेसाठी आवाजांपासून दूर जात. हे गृहस्थ आवाजाच्या मधोमध बसून शांत होत. एकदा शाळेची तपासणी तोंडावर आली होती आणि मला रात्रभर झोप नव्हती. मी सकाळी दुधाच्या नोंदी करायला गेलो तर चेअरमन म्हणाले, 'गुर्जी, तोंड उतरलंया. बसा.' मी बसलो. पहिल्यांदा मला फक्त तपासणी ऐकू येत होती. मग गिरणी आली. गिरणीच्या मागं, तिच्या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत, कुणीतरी अंगण झाडत होतं. खराट्याचा तो आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला आणि परत आला. चरवीतून कॅनमध्ये दूध पडताना आधी पत्र्याचा आवाज येतो आणि मग दुधावर दूध पडल्याचा, जाड, हे मी तीन वर्षं शेजारी बसून कधी ऐकलं नव्हतं. विहारातल्या सकाळच्या वंदनेचा शेवटचा सूर थांबला तेव्हा, तो चालू होता हे माझ्या ध्यानात आलं. तपासणी व्हायची ती झालीच आणि वाईटही झाली, पण त्या सकाळी तपासणी म्हणजे गावातल्या अनेक आवाजांपैकी एक, एवढीच उरली होती.

आमच्या या बाकाची कीर्ती हळूहळू तालुक्याला गेली आणि कीर्ती गेली की पुढारी येतो. संस्थेच्या नव्या पत्र्याच्या शेडचं उद्घाटन करायला जिल्ह्याचे एक नेते आले. बरोबर कर्णे आले, ते लिंबावरच बांधले. कावळा उठून गेला. नेते शांततेच्या महत्त्वावर बोलले आणि इतका वेळ बोलले की गिरणीवाल्यानंही कंटाळून गिरणी बंद केली. चेअरमन व्यासपीठावर डोळे मिटून, प्रसन्न मुद्रेनं बसले होते. गाड्या गेल्यावर ते माझ्याजवळ आले आणि अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, 'काय म्हणले वो?'

त्या काळातल्या सार्वजनिक भाषणांवरची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. मी त्या दिवसापासून त्यांच्याकडं एका वेगळ्याच आदरानं पाहू लागलो. मला वाटलं, या गावात माझ्यासारखा आणखी एक माणूस आहे.

नंतर ते कॅनचं प्रकरण झालं. बहात्तरइतका नव्हे, पण विहिरींचा तळ दाखवणारा दुष्काळ पुन्हा पडला होता. म्हशी आटल्या होत्या. गावातलं निम्मं दूध एकट्या तात्यांचं. तात्यांची विहीर खोल, वैरण शिलकीत, मनगटावर जाडजूड घड्याळ. त्यांना एका सकाळी साक्षात्कार झाला, की बौद्धवाड्यातलं दूध आपल्या दुधात मिसळलं जातं. ते गेली कित्येक वर्षं मिसळलं जात होतं आणि तात्या ते शहरातल्या लोकांना खुशाल पाजत होते, हा भाग वेगळा. त्यांनी निरोप धाडला, की वाड्यातल्या दुधाला निराळा कॅन लावा, नाहीतर आम्ही भाऊबंद दूध खव्याच्या भट्टीला घालू.

ही धमकी पोकळ नव्हती. तात्यांचं दूध गेलं तर उरलेल्या दुधासाठी फाट्यावर गाडी थांबणार नव्हती, हे गाडीवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाडी बंद म्हणजे संस्था बंद. तात्यांना भट्टी होती. केराबाईंचं आणि वाड्यातल्या चार-पाच घरांचं दूध मात्र भट्टीवाला घेत नसे. त्यांच्या म्हशी योजनेतून आलेल्या होत्या आणि दूध घालायला जगात एकच दार होतं. तेव्हा एकीकडं संस्था होती आणि एकीकडं केराबाईंची लाज. चेअरमननी काय करावं यावर गावानं बरीच चर्चा केली. चेअरमन बाकावर बिडी ओढत होते.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः आले. त्याच वेळी केराबाईही तांब्या घेऊन आल्या. आदल्या दिवशी तात्यांच्या गड्यानं रांगेत त्यांचा तांब्या पायानं बाजूला सारला होता, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे तक्रारदार दोन झाले आणि नियम एक. चेअरमन एका रिकाम्या कॅनवर बसले आणि त्यांनी दोघांनाही बाकाकडं बोट दाखवलं.

तात्या म्हणाले, 'म्या काय शाळंतलं पोरगं हाय व्हय, चेअरमन?'

'बसा. आमदार आले तरी बसावं लागतं.'

केराबाई आधी बसल्या. मग तात्या बसले, बाकाच्या अगदी कडेला, अर्धे बाहेर. ते बाक फार लांब नव्हतं. गावाच्या इतिहासात ही दोन माणसं एका बैठकीवर कधी बसली नव्हती आणि रांगेतला प्रत्येक माणूस चरवी खाली ठेवून ते पाहत होता. उन्हाळ्याचे दिवस, ऊन चढू लागलेलं. दूध कॅनमध्ये ओतायचं थांबलेलं.

चेअरमन केराबाईंना म्हणाले, 'सांगा. काय काय ऐकू येतंय?'

त्यांनी सावकाश सांगितलं. गिरणी बंद हाय आज. सुताराकडं रंधा चाललाय. कुणाचं तरी रेडकू वरडतंय, भुकेजलंय. मग त्या थांबल्या, तात्यांकडं न बघता म्हणाल्या, 'आन् तात्यांचं घड्याळ ऐकू येतंय.'

तात्यांनी मनगटावर पंजा ठेवला.

'आता तुमी,' चेअरमन तात्यांना म्हणाले. तात्या बोलेनात. त्यांचं म्हणणं होतं, की आधी कॅनचं बोला. चेअरमनांचं म्हणणं होतं, की आधी ऐकलेलं सांगा. असा वेळ चालला. आणि मग ओढ्यापलीकडून, फाट्यावरून, गाडीचा भोंगा वाजला.

रांगेत चुळबुळ झाली. ही गाडी फार थांबत नसे. कॅन भरून, झाकणं लावून, बैलगाडीनं ओढा ओलांडायचा होता. सगळ्यांनी चेअरमनांकडं पाहिलं. चेअरमननी बिडी पेटवली. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक, चिडल्यासारखा. चेअरमनांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ते लिंबाकडं बघत होते, तळ्याकाठी बसल्यासारखे. त्यांचं स्वतःचंही दूध त्या रांगेत तापत होतं.

तात्या घड्याळाकडं बघून म्हणाले, 'चेअरमन, दूध नासंल की.'

'गाडी येस्तवर न्हाय नासत,' चेअरमन म्हणाले. 'आन् गाडी अजून कुठं आलीया? तुमी निवांत सांगा.'

या वाक्यानं रांगेतल्या माणसांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, मी नाकारत नाही. अख्खं गाव भोंगा ऐकत असताना हा माणूस शांतपणे सांगत होता, की गाडी आलेलीच नाही. म्हणजे तुमचा प्रश्न सुटेपर्यंत माझ्यापुरती ती येणारच नाही. तात्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. एवढ्या थंडपणे गावाचं दूध मातीत घालायला निघालेल्या माणसापुढं धमकी चालत नाही, हे त्यांना कळलं असावं. भोंगा तिसऱ्यांदा वाजला.

'भोंगा ऐकू येतोय,' तात्या शेवटी म्हणाले. 'गाडीचा भोंगा. बास?'

चेअरमन ताडकन उठले. बिडी फेकली. 'मग तक्रार सांगा झटक्यात.'

तात्यांनी फाट्याच्या दिशेनं पाहिलं. 'काय न्हाय,' ते म्हणाले. 'वता.'

दूध ओतलं गेलं. तात्यांचं, केराबाईंचं, चेअरमनांचं, सगळं जसं रोज एकात जायचं तसं. बैल पळवत नेले. गाडी सापडली. तात्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. एकदा सगळ्यांसमक्ष 'वता' म्हटलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं 'थांबा' म्हणणार? गावाला मात्र त्या दिवशी एक स्थितप्रज्ञ मिळाला. ज्याच्या कानावर पडलेला भोंगा मनापर्यंत पोचत नाही, असा पुरुष. ही गोष्ट भूमच्या बाजारात गेली, तिथून येडशीच्या स्टेशनापर्यंत गेली आणि जाता जाता भोंगे वाढत गेले.

एखाद-दोन वर्षांनी भूमला कान-नाक-घशाचं मोफत शिबिर भरलं. नावं लिहायला मला बसवलं होतं, अक्षरापायी. चेअरमन येताना दिसले तेव्हा मला वाटलं, शिबिराला भेट द्यायला आले असतील, कुणीतरी नारळ फोडायला लागतोच. ते रांगेत उभे राहिले. डॉक्टरांनी चिमट्यासारखं एक लोखंड वाजवून त्यांच्या एका कानाशी धरलं, मग दुसऱ्या. मग मोठ्यांदा विचारलं, की हा डावा कान किती वर्षं बंद आहे? चेअरमन म्हणाले, खडीवर सुरुंग उडाला तवापास्नं. आणि उजवा? उजव्याला, म्हणाले, जवळचं येतं. लांबचं न्हाय येत.

परत येताना एस.टी.त मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. माझ्या डोक्यात नेत्यांचं भाषण, 'काय म्हणले वो' आणि माझी सगळी समीक्षा एकामागून एक कोसळत होती. मी विचारलं, 'चेअरमन, त्या दिवशी भोंगा?'

'कुठला आलाय भोंगा,' ते म्हणाले. 'तात्या बोलला तवा कळलं.'

'आणि आधी ऐकू आला असता तर?'

'उठलो असतो की. दूध नासतंय.' मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'दुसरा कॅन धुऊन ठिवला व्हता म्या, गुर्जी. आतल्या खोलीत. नुस्तं तात्याचं ऐकून घ्यायचं आन् काढायचा, असं ठरवून आलतो. हिंमत न्हवती.'

हे त्यांनी मला सांगायची काहीही गरज नव्हती. गावानं दिलेला मोठेपणा एस.टी.च्या बाकड्यावर असा काढून ठेवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. पाहिली ती बहुतेक उलट दिशेनं जाणारी. त्यांच्याबद्दल मला आजही जो आदर आहे तो भोंग्याच्या दिवसाचा नाही, त्या एस.टी.तल्या तासाभराचा आहे.

'मग लोकांना बाकावर बसवून विचारता ते कशाला?' मी म्हटलं.

'मला येत न्हाय म्हणून इचारतो,' ते म्हणाले. 'होला घुमतोय म्हणून कुणी सांगितलं की गार वाटतं. लई वर्सं झाली होला ऐकून.'

शिबिरातून त्यांना एक यंत्र मिळालं होतं. ते त्यांनी एक दिवस लावलं आणि खुंटीला अडकवलं. त्यातून सगळंच एकदम येतं, आपल्याला हवं ते वेचता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या बायकोनं सांगितलं, की खरं कारण निराळं आहे, यंत्र लावल्यावर मी काय काय बोलते ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत मी रोज शाळेआधी बाकावर जाऊन बसत असे, त्यांच्या उजव्या बाजूला. त्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की किती ऐकावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. सुरुवातीला माझ्यातला मराठीचा मास्तर उफाळून यायचा. मी एकदा सांगितलं, की निंबतरूवर एक एकाकी काकपक्षी विरहव्याकूळ स्वरात साद घालतो आहे. चेअरमन म्हणाले, 'गुर्जी, शिणगार नको. कावळा म्हना, कावळा.' माझ्या गद्यावर झालेले संस्कार कोणी विचारले तर मी विद्यापीठाचं नाव सांगतो, पण खरा संस्कार तो आहे. हळूहळू मी नुसतं कावळा म्हणायला शिकलो. नुसतं कावळा म्हणता यायला लागल्यावर कावळा खरोखरच ऐकू येऊ लागला. आजही कुठल्याशा सभेत किंवा दवाखान्याच्या व्हरांड्यात जीव घाबरा झाला, की मी मनातल्या मनात कुणालातरी सांगायला लागतो. रिक्षा. कुकर. कुणीतरी जिना उतरतंय. आणि 'आनखी?' असा प्रश्न उजव्या बाजूनं येतो.

चेअरमन गेले त्या वेळी मी लोहाऱ्याला होतो. शोकसभेला पोचलो तर हायस्कुलाच्या मैदानात कर्णे लागलेले होते. जिल्ह्याचे ते नेतेच अध्यक्ष. ते म्हणाले, सात भोंगे वाजले, पण हा महापुरुष जागचा हलला नाही. एका दलित भगिनीच्या सन्मानासाठी त्यांनी आपलं सर्वस्व पणाला लावलं. भोंगा त्यांच्या कानांनी ऐकला, पण आत्म्यानं नाकारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शोकसभा आहे हे आठवून थांबवल्या.

ती दलित भगिनी माझ्या शेजारी सतरंजीवर बसून पायातला काटा काढत होती. केराबाई आता थकल्या होत्या, पण जीभ तीच. मी हळूच म्हटलं, 'केराबाई, चेअरमनना तो भोंगा ऐकूच आला नव्हता.'

'मला काय सांगताय गुर्जी,' त्या म्हणाल्या. 'खडीवर सुरुंग उडाला तवा म्या शेजारीच व्हते. त्यांना लांबचं येत न्हाय, हे मला तवापास्नं ठावं.'

मी विचारलं, 'म्हणजे त्या दिवशी गाडी आलेली त्यांना कळली नाही, हे तुम्हाला कळत होतं?'

'व्हय.'

'मग सांगितलं का नाहीत?'

'आत धुतल्याला कॅन बघितला व्हता म्या,' केराबाई म्हणाल्या. काटा निघाला होता, तो त्यांनी उजेडात धरून पाहिला. 'आन् नासलं असतं तर माझं तांब्याभर नासलं असतं. तात्याचं दोन कॅन व्हतं.'